आमची वाटचाल: ओली भिंत, उघडी भिंत

चिपळुणात आमचं वॉटरप्रूफिंगचं काम सुरू झालं ते 2005 च्या पुरानंतर. वडिलांच्या वेळचे मिस्त्री आणि मी, एवढीच फर्म. मिस्त्रींच्या पिशवीत ओळंबा, पाणसळ, दोन थाप्या आणि एक आखूड छिन्नी. छिन्नीच्या बोथट टोकाने ते गिलावा वाजवत जायचे. पोकळ आवाज आला की तेवढा भाग खडूने आखायचे. आज आमच्याकडे ओल मोजायचं मीटर आहे, पण लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारे पांढरे क्षार, लागलेल्या भिंतीवर ते आकडा फुगवून दाखवतं. म्हणून ती छिन्नी अजून कामावर येते. पुढची वर्षं गच्चीचे कोबे (पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर), भिंत आणि गच्चीच्या कोपऱ्यातल्या गोलाईच्या वाटा आणि न्हाणीघराचे नहाणी ट्रॅप यांतच गेली.

मग 22 जुलै 2021 चा पूर. गोदामात पाणी शिरलं, सिमेंटच्या पोत्यांचे दगड झाले. तेही सोसलं असतं. पण गणपती 10 सप्टेंबरला होते आणि ज्याला त्याला त्याआधी घर रंगवून हवं होतं. मी सांगत होतो, वाळायला भिंतीच्या दर इंचाला साधारण महिना धरा, त्यात हा पावसाळा. प्यायलेलं पाणी जांभा दगड सावकाश सोडतो, आत्ता पुट्टी नको. बाहेरगावच्या एका ठेकेदाराने पुट्टी, वर ऑइलपेंट आणि दहा वर्षांची गॅरंटी दिली, तीही आमच्या निम्म्या दरात. ज्यांच्या गच्च्या आम्ही वर्षानुवर्षं सांभाळल्या, त्यांनी ‘तुमचं शास्त्र राहू द्या’ म्हणून फोन ठेवले. दिवाळीपर्यंत हाताला काम नव्हतं. माणसांची मजुरी चुकवायला मिक्सर विकला.

बाजारपेठेमागच्या एक काकू तेवढ्या थांबल्या. ‘माझा गणपती उघड्या भिंतीपुढे बसेल, तुम्ही तुमच्या पद्धतीने करा,’ म्हणाल्या. पुराच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत गिलावा उतरवला, दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, खरवडल्या, फुललेला लोणा कोरड्या ब्रशने झाडत राहिलो. मे महिन्यात चुन्याचा गिलावा आणि वर चुनाच. ती भिंत आजही कोरडी आहे.

त्याच उन्हाळ्यात बाकीच्यांच्या भिंतींना पोपडे सुटले. गॅरंटीवाल्याचा फोन लागेना. मग आम्हाला बोलावणी आली. कामं केली, दरही वाढवला नाही. ते ठेवलेले फोन मात्र अजून सलतात.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. भिंत ओली दिसली की आतून कोटिंग मारू नका. जोत्यातून चढणारी ओल त्याच्या वरून डोकं काढते. प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली. मग खिडक्या उघडा, आम्हाला बोलावू नका. लोणा पाण्याने धुऊ नका, क्षार पुन्हा आत जातात. आणि छज्ज्याचे सांधे, पन्हळी, पश्चिमेच्या भिंतीच्या भेगा एप्रिलमध्येच बघून घ्या. जूनमध्ये फोन केलात तर आम्ही ताडपत्री बांधून देऊ, गिलाव्याला हात लावणार नाही.