डासाचा कान रंगवताना गेलेले चार महिने

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मला डासाचा कान मिळाला. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, डासाला कान असतो होय? असतो, आणि काय असतो! डासाच्या मिशीच्या बुडाशी गोल मणी असतो ना, त्याच्या आत असतं जॉन्स्टन ऑर्गन, क्रिस्टोफर जॉन्स्टनने १८५५ मध्ये वर्णन केलेलं. नराच्या त्या एवढ्याशा मण्यात साधारण १५ हजार न्यूरॉन (चेतापेशी), फळमाशीच्या त्याच अवयवात ५०० च्या आसपास, आणि एवढं सगळं कशासाठी तर मादीच्या पंखांची गुणगुण ऐकायला.

एडिसला, म्हणजे डेंगी पसरवणाऱ्या डासाला, पुण्यात काय तोटा, पावसाळ्यात कोथरूडला गच्चीवरच्या कुंड्यांखालच्या ताटल्यांतूनच अळ्या मिळाल्या. नर ओळखायला सोपे, मिशा झुपकेदार. पण त्याच केसांमुळे डोकी फिक्सेटिव्हवर, म्हणजे पेशी जशाच्या तशा टिकवणाऱ्या द्रावणावर, नुसती तरंगायची, मग ४% पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये थोडं ट्रायटन (साबणासारखं रसायन) टाकलं तेव्हा कुठे बुडाली.

पहिल्यांदा अख्खी मिशीच रंगवली. अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून गोट सीरमने ब्लॉकिंग, न्यूरॉनला चिकटणारी प्रायमरी अँटिबॉडी रात्रभर ४ डिग्रीला, मग प्रायमरीला चिकटणारी, हिरवी चमकणारी सेकंडरी. कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली मणी असा काही चमकला की मी त्याच रात्री फोटो सगळ्यांना पाठवले. सकाळी लॅबमधल्या ताईने एकच विचारलं, कंट्रोल कुठाय? तुलनेसाठीची, प्रायमरी न घातलेली मिशी बघितली तर तीपण तेवढीच हिरवी. म्हणजे ती चमक क्युटिकलची, म्हणजे बाहेरच्या कडक कवचाची, स्वतःची होती, अँटिबॉडी आत गेलीच नव्हती. खूप रडू आलं त्या दिवशी.

पुढचे दोन महिने मी अँटिबॉडी वाढव, ट्रायटन वाढव असंच करत बसले, केवढी महागडी अँटिबॉडी वाया गेली. शेवटी ताई म्हणाली, अगं, भिंतीतून कशी जाईल ती, आधी दार तर उघड.

मग डोकी ६% अगारोजच्या जेलीत बसवून व्हायब्रेटोमवर, म्हणजे थरथरत्या ब्लेडने कापणाऱ्या यंत्रावर, ४० मायक्रॉनचे काप घेतले. पहिल्या दिवशी ब्लेड लागलं की डोकं अगारोजमधून निखळून पडायचं, कारण मी ओलीच बसवत होते, टिश्यूने टिपून बसवली तशी टिकली. आणि हिरवा सोडून लाल रंग घेतला, सीवाय३ लावलेली अँटी-एचआरपी. ही अँटिबॉडी खरं तर हॉर्सरॅडिश नावाच्या एका मुळातल्या एन्झाइमविरुद्ध बनवलेली, पण कीटकांच्या न्यूरॉनच्या आवरणावरची साखर तिला तशीच वाटते म्हणून ती तिथे चिकटते, मला हे अजूनही फार गोड वाटतं.

यावेळी कंट्रोल आधी बघितला. काळा. मग खरा काप लावला आणि बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे न्यूरॉन मध्याकडे रोखलेले, ओळीने, शेकडो. ताईला हाक मारली, ती काहीच बोलली नाही, स्टूल ओढून शेजारी बसली आणि आम्ही दोघी कितीतरी वेळ फोकस वरखाली करत राहिलो.

मादीचे काप अजून घ्यायचेत, तिच्यात न्यूरॉन साधारण निम्मे असतात.