मेकॅनिकलसाठी लॅपटॉप की डेस्कटॉप: माझा अनुभव

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये शाखा नक्की होईपर्यंत कम्प्युटर घ्यायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. मेकॅनिकल मिळेल असं वाटत असताना पुढच्या राउंडला कम्प्युटर शाखा मिळू शकते, आणि मग खरेदीचं सगळं गणित बदलतं. कम्प्युटर शाखेला सुरुवातीचा बराच काळ सी, पायथन, डेटाबेस असल्या गोष्टींत जातो, त्यासाठी कुठलंही बरं मशीन पुरतं. मेकॅनिकल आणि सिव्हिलला ड्रॉइंग, थ्रीडी मॉडेलिंग आणि पुढे अॅनालिसिस येतं, तिथे मशिनचा कस लागतो. पहिल्या सेमिस्टरला कॉलेजची लॅब असतेच. थोडं थांबल्याने काही बिघडत नाही.

शाखा मेकॅनिकल आणि राहणं पुण्यात कॉट बेसिसवर (सामायिक खोलीत एका कॉटपुरतं भाडं), हे नक्की झाल्यावर मी प्रोसेसर बघायला सुरुवात केली नाही. आधी खोली बघितली. लॅपटॉप की डेस्कटॉप हा निम्मा निकाल खोलीच देते, आणि नेमकं हेच बहुतेक जण विचारात घेत नाहीत.

डेस्कटॉपला किमान तीन-चार फुटांचं टेबल लागतं, ते रोज कुणाच्या तरी डब्यासाठी रिकामं करावं लागू नये, आणि जवळ नीट अर्थिंग असलेला प्लग लागतो. जुन्या पेठांमधल्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण वरच्या मोठ्या भोकाला मागून वायरच जोडलेली नसते. अशा ठिकाणी डेस्कटॉप लावला की कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येतात. कॅबिनेट खराब नसतं. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो किरकोळ करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडीवर साधारण निम्मा व्होल्टेज, म्हणजे ११०-११५ व्होल्ट, तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असल्याने जोराचा शॉक बसत नाही, पण यूएसबी पोर्ट आणि बाहेरची हार्ड डिस्क यांना तो मानवत नाही. धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपलाही चार्जिंगवर असताना हेच होतं.

तपासायला मल्टिमीटर लागतो, आणि हे काम वायरमनकडूनच करून घ्यावं. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास दाखवत असेल तर फेज-अर्थही जवळपास तेवढंच दाखवायला हवं, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ बरंच कमी आलं किंवा आकडा नाचत राहिला, तर अर्थिंग नाही असं समजा. खोलीमालक ते करून देणार नसेल तर त्या खोलीत डेस्कटॉपचा विचार सोडून द्या.

दुसरा मुद्दा लाइट जाण्याचा. डेस्कटॉपसोबत यूपीएसचा खर्च धरावाच लागतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. प्रत्यक्षात एवढ्या लवकर उपसल्यावर त्यातली जेमतेम निम्मी ऊर्जा हाती येते. ग्राफिक्स कार्ड नसलेला डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून शंभरेक वॅट ओढतात. वीस-पंचवीस मिनिटं मिळाली तर खूप, म्हणजे फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरती. दोन-तीन वर्षांनी ही बॅटरी बदलावी लागते. ग्राफिक्स कार्ड असेल तर ६०० व्हीएवर जाऊच नका. लोड वाढला की यूपीएस बीप करून सरळ बंद पडतो, आणि तेही नेमकं लाइट गेल्यावर.

तिसरा मुद्दा फारसं कुणी बोलत नाही असा. डेस्कटॉपला वेबकॅम, माइक आणि बऱ्याचदा वाय-फायही नसतं. एच६१० चिपसेटच्या स्वस्त मदरबोर्डवर वाय-फाय सहसा येत नाही, वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. प्लेसमेंटच्या ऑनलाइन चाचण्या कॅमेरा चालू ठेवूनच होतात. शिवाय ग्रुप प्रोजेक्ट, सेमिनार, शेवटच्या वर्षाचं प्रेझेंटेशन या सगळ्याला मशीन उचलून न्यावं लागतं. कॉट बेसिसची खोली वर्षभरात बदलतेही, आणि सुट्टीत एसटीने गावी जाताना कॅबिनेट न्यायचं म्हणजे ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं बांधावं लागतं, नाहीतर धक्क्यांनी स्लॉट तुटतो.

या तीन गोष्टींनी माझ्यापुरता निकाल लागला: लॅपटॉप. कॉलेजच्या गावातच घर असतं तर मी डेस्कटॉप घेतला असता आणि त्याच पैशांत जास्त ताकद मिळवली असती. ती जास्त कशी, हे समजून घेतलं तर लॅपटॉपही नीट निवडता येतो.

दुकानात 'आय५ आहे' एवढंच सांगतात. पण डेस्कटॉपच्या कोअर आय५-१२४०० मध्ये सहा पूर्ण ताकदीचे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) असतात आणि त्याची मूळ मर्यादा ६५ वॅटची आहे. लॅपटॉपमधल्या आय५-१२३५यू मध्ये कागदावर दहा कोअर दिसतात, पण त्यातले पूर्ण ताकदीचे फक्त दोन, बाकी आठ छोटे, आणि मूळ मर्यादा १५ वॅट. आय५-१२४५०एच मध्ये चार मोठे आणि चार छोटे, मर्यादा ४५ वॅट. तिन्ही एकाच पिढीचे, नावही एकच, आणि कामात जमीन-अस्मानाचा फरक. शेवटचं अक्षर बघायची सवय लावून घ्या. यू म्हणजे बॅटरी वाचवणारा, एच म्हणजे जोर लावणारा. डेस्कटॉपमध्ये एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही. १२४००एफ स्वस्त मिळतो म्हणून घेतला आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही, तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये सापळा वेगळा आहे. ७००० मालिकेच्या लॅपटॉप प्रोसेसरच्या नावात तिसरा आकडा आतली रचना सांगतो. रायझन ५ ७५२०यू नावाने नवा वाटतो, पण तिसरा आकडा २, म्हणजे आत जुनी झेन २ रचना आणि चारच कोअर. रायझन ५ ७५३५एचएस मध्ये झेन ३+ रचना आणि सहा कोअर. दोन्ही 'रायझन ५, सात हजार मालिका' म्हणूनच विकले जातात.

ग्राफिक्सचंही तेच. डेस्कटॉपचं आरटीएक्स ३०५०, ८ जीबीचं, १३० वॅट घेतं. त्याच नावाचं ४ जीबीचं लॅपटॉप कार्ड ३५ ते ८० वॅटमध्ये बसवलेलं असतं, आणि किती वॅटवर चालवायचं हे लॅपटॉपची कंपनी ठरवते. त्यामुळे एकाच कार्डाचे दोन लॅपटॉप वेगवेगळ्या वेगाने चालतात. कंपनीच्या साइटवर त्या नेमक्या मॉडेलच्या माहितीत टीजीपी हा वॅटचा आकडा शोधा. सापडला नाही तर दुसरं मॉडेल बघा. आणि हा सगळा जोर चार्जर लावलेला असतानाच मिळतो. नुसत्या बॅटरीवर कार्डाला पुरेसा करंट मिळत नाही, अनेक भाग जोडलेली मोठी असेंब्ली स्क्रीनवर फिरवताना लगेच अडखळते.

मग मेकॅनिकलला नेमकं लागतं काय? सॉलिडवर्क्स या थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भाग काढणं, डायमेन्शन बदलणं, मॉडेल पुन्हा तयार होणं, हे काम मुख्यतः एकाच कोअरवर चालतं. तिथे कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा. रेंडरिंग आणि सिम्युलेशन सगळे कोअर वापरतात. पण अॅन्सिस या अॅनालिसिसच्या सॉफ्टवेअरच्या मोफत विद्यार्थी आवृत्तीत स्ट्रक्चरल अॅनालिसिसला १ लाख २८ हजार नोड्सची (मॉडेलवरच्या गणिताच्या बिंदूंची) मर्यादा आहे आणि वापरता येणारे कोअरही मोजकेच. केवळ अॅन्सिससाठी सोळा कोअरचं मशीन घेण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा रॅममध्ये पैसे घाला. सॉलिडवर्क्सची स्वतःची शिफारस १६ जीबीची आहे. ऑटोकॅड आणि फ्यूजन हे ड्रॉइंग-मॉडेलिंगचे प्रोग्रॅम कॉलेजचा पुरावा देऊन ऑटोडेस्कच्या शैक्षणिक योजनेत मोफत मिळतात, दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. सॉलिडवर्क्स आणि तसंच मॉडेलिंगचं कॅटिया मॅकवर थेट चालत नाहीत, म्हणून मेकॅनिकलला मॅकबुकचा मोह नको, बॅटरी कितीही चांगली असली तरी.

रॅमचं बघताना '१६ जीबी' एवढ्यावर थांबू नका. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. दुकानातला डेमो लॅपटॉप हातात आला की टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथे फॉर्म फॅक्टरसमोर 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर सोल्डर केलेली, 'एसओडीआयएमएम' दिसलं तर काढता-घालता येणारी. शेजारी किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसतं. १६ जीबीची एकच पट्टी असण्यापेक्षा ८-८ च्या दोन चांगल्या. दोन पट्ट्यांवर डेटाचा रस्ता दुप्पट रुंद होतो आणि प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स लक्षणीय वेगाने चालतं.

स्क्रीनमध्ये सगळ्यात जास्त काटकसर होते. ४५ टक्के एनटीएससी (रंगांच्या व्याप्तीचं माप) असं लिहिलं असेल तर रंग फिके दिसणार, आणि २५० निट्स उजेडाचा पडदा खिडकीशेजारी बसल्यावर वाचवत नाही. आयपीएस पॅनेल (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारं) आणि ३०० निट्स ही माझी किमान अट होती. बॅटरीचे 'आठ तास' वाचू नका, वॅट-तास वाचा. एच मालिकेचा लॅपटॉप साध्या कामातही १२-१५ वॅट घेतो. ५० वॅट-तासांची बॅटरी म्हणजे साडेतीन-चार तास, यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये. यू मालिका त्याच बॅटरीवर बरीच पुढे जाते. कम्प्युटर किंवा कॉमर्सच्या विद्यार्थ्याने म्हणून यू मालिकाच घ्यावी. वजन दीड किलोच्या आसपास आणि टाइप-सी चार्जिंग, दिवसभर पाठीवर न्यायला तेच बरं.

शेवटी मी एच मालिकेचा प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स, दोन स्लॉटमध्ये १६ जीबी आणि ५१२ जीबीची एनव्हीएमई प्रकारची वेगवान एसएसडी असं ठरवलं. दुसऱ्या एसएसडीसाठी रिकामा स्लॉट असणं ही अट होती. त्यासोबत खोलीवर वापरायला साधा कीबोर्ड, माऊस आणि २२ इंची मॉनिटर. डेस्कटॉपचं मोठं सुख असतं बसण्याचं, ते या जोडीने बरंचसं मिळतं. लॅपटॉप टेबलावर ठेवून तासनतास कॅड केलं तर मान खाली राहते. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आली की तो त्रास राहत नाही. लॅपटॉपखाली उंचवटा ठेवा. हवा खालून आत जाते, आणि गादीवर किंवा उशीवर ठेवला की तोंडच बंद होतं. मग प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत तापतो, स्वतःचा वेग कमी करतो, आणि 'नवीन लॅपटॉप स्लो झाला' अशी तक्रार सुरू होते.

घरी राहून शिकणाऱ्यांसाठी डेस्कटॉपची जुळणीही सांगतो. आय५-१२४००, एच६१० किंवा बी६६० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन पट्ट्या, १ टीबी एनव्हीएमई, आणि ब्रॉन्झ दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा) ४५० ते ५५० वॅटचा नावाजलेला एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या '४५० वॅट'च्या डब्यावर भरवसा ठेवू नका, तो गेला तर जाताना मदरबोर्डही नेऊ शकतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे सुटे भाग घेऊन जोडून मिळतात. जोडल्यावर दुकानातच तीन गोष्टी बघा. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत ना. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावली आहे ना, मदरबोर्डला नाही. आणि बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर वेगळा लिहिला आहे ना. असेंबल्ड मशिनला एकत्र वॉरंटी नसते, प्रत्येक भागाची मुदत आणि सर्व्हिस सेंटर वेगळं असतं.

बजेट फारच कमी असेल तर ऑफिसातून निघालेले डेलचे जुने ऑप्टिप्लेक्स किंवा लेनोवोचे थिंकसेंटर डेस्कटॉप चांगले पडतात, पण आठव्या पिढीच्या खालचा प्रोसेसर घेऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलमध्ये विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. आय५-८५०० चे सहा कोअर ऑटोकॅडला अजून पुरतात. मात्र छोट्या, आडव्या डब्यात पूर्ण उंचीचं ग्राफिक्स कार्ड बसत नाही आणि त्यांचा एसएमपीएसही कंपनीच्या खास आकाराचा असतो.

लॅपटॉप घरी आला की परत करायची मुदत संपायच्या आत तपासणी उरका. पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी अशी पूर्ण स्क्रीन करून मेलेले पिक्सेल बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'powercfg /batteryreport' चालवा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण क्षमता असे दोन आकडे येतात, नव्या मशिनला ते जवळपास सारखे हवेत. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये एसएसडी किती तास चालली ते दिसतं. दहा-वीस तास ठीक, शेकडो तास असतील तर तो डेमोसाठी वापरलेला किंवा परत आलेला आहे. मशीन बहुतेक वेळ चार्जरवरच राहणार असेल तर कंपनीच्या अॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती चालू करा. आणि सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरली आहे ते बघा. बऱ्याचदा ती लॅपटॉप गोदामातून निघाल्यापासून धरलेली असते. अशा वेळी बिलाची प्रत पाठवली की कंपनी बिलाची तारीख लावून देते.