ओटीवरच्या दोन खुर्च्या आणि एक दुधी दिवा

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या मूळ घरात, ओटीवर झोपाळ्याच्या बाजूला दोन वेताच्या खुर्च्या असायच्या आणि माजघरात तुळईला टांगलेला दुधी काचेचा एक दिवा. आजोबा मुंबईत कचेरीत कारकून होते. १९६० च्या आसपास कधीतरी त्यांनी कचेरीतल्या खुर्चीचं चित्र कागदावर काढून आणलं आणि गावच्या सुताराकडून तशा दोन करून घेतल्या. दिवा मुंबईहून बोटीने आला. बोट खोल पाण्यात उभी राहायची, तिथून माणसं आणि सामान पडावातून किनाऱ्याला यायचं. तो काचेचा गोळा आजोबांनी धोतरात गुंडाळून मांडीवर धरून आणला, हे आजी दर मे महिन्यात सांगायची.

दिवाळीनंतर काकांचा फोन आला. घर डागडुजीला काढलंय, खुर्च्या मांगरात, अडगळीच्या खोपटात टाकल्यात, वेत पार गेलाय, तुला हव्यात का नाहीतर चुलीत घालतो. पुढच्या आठवड्यात मी ठाण्याहून कोकणकन्या पकडली.

सकाळी कुडाळला उतरले. वेंगुर्ल्याच्या रस्त्याला भातकापणी संपत आली होती, खळ्यांवर झोडणी चालली होती. घरी पोचल्यावर पेज घेतली आणि थेट मांगरात गेले. खुर्च्या गवताच्या भाऱ्यांखाली होत्या. एकीचा वेत बुरशीने काळा पडला होता, दुसरीच्या बैठकीत तर नुसतं भोक. पण दोन्ही हातांनी धरून हलवल्या तेव्हा एकही सांधा कुरकुरला नाही. साठ पावसाळे काढलेलं लाकूड ते.

काकांनी गावातल्या मेस्त्रींना बोलावलं. या खुर्च्या त्यांच्या वडिलांच्याच हातच्या, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी आधी खुर्ची उलटी केली. नखाने पायाच्या टोकावर ओरखडलं, वास घेतला आणि मलाही घ्यायला लावला.

"ह्या साग नाय, बाय. फणस आसा. वेत कुजलो, लाकूड नाय कुजला."

मी लहानपणापासून त्या खुर्च्या सागाच्या समजत होते. फणसाचं लाकूड ताजं चिरलं की हळदीसारखं पिवळं दिसतं, मग उजेडाने आणि वर्षांनी गडद होत तपकिरीवर येतं. मेस्त्रीकाकांनी ओरखडलं तिथे आतला पिवळा रंग अजून होता. कागदावर मुंबईची खुर्ची होती आणि गावच्या सुताराने ती परसातल्या झाडात उतरवली होती. हे कळल्यावर त्या खुर्चीकडे मी बराच वेळ नुसती बघत बसले.

अशा खुर्च्यांची ती पिढी कशी होती, त्याचा थोडा अभ्यास मी गेली काही वर्षं करते आहे. पन्नाशीच्या दशकात चंदीगड उभं राहत होतं तेव्हा पिएर जानरे नावाचा स्विस वास्तुरचनाकार १९५१ मध्ये तिथे आला आणि १९६५ पर्यंत राहिला. कचेऱ्या, वाचनालयं, वसतिगृहं, सगळ्यांसाठी त्याने आणि त्याच्या गटाने, ज्यात युली चौधरींसारख्या भारतीय वास्तुरचनाकारही होत्या, साग आणि वेताच्या खुर्च्या बेतल्या. उलट्या व्ही आकाराचे पाय, मोकळी पाठ, वारा खेळेल अशी बैठक. साध्या सुताराला जमेल असंच सगळं. पुढे त्याच खुर्च्या सरकारी गच्च्यांवर ढिगाने पडल्या, भंगाराच्या भावाने गेल्या आणि परदेशातल्या लिलावांत लाखो रुपयांना विकल्या गेल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने त्या विकण्यावर बंदी घातली. हे वाचलं तेव्हा मला राग आला होता. मांगरात उभी असताना मात्र वाटलं, आपणही तेच करणार होतो, फक्त आपल्याकडे लिलावाऐवजी चूल होती.

दुसऱ्या दिवशी ओटीवर काम सुरू झालं. जुने सांधे कुसू आणि खाचेचे, म्हणजे एका लाकडाचं निमुळतं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं, वर सरस. सरसाची एक चांगली गोष्ट म्हणजे ऊब आणि ओल मिळाली की तो सुटतो. मेस्त्रीकाकांनी गरम पाण्यात पिळलेलं फडकं सांध्याभोवती गुंडाळलं, थोडं थांबले, लाकडी हातोडीने दोन हलके ठोके दिले आणि पाय अलगद निघाला. आतल्या कुसवाला इतक्या वर्षांत हवा लागली नव्हती, ते अजून पिवळं होतं. मी विचारलं, खिळे मारून पक्कं करायचं का?

"हीका खिळो मारू नको हां. खिळो मारलंस की गेली."

खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं आणि लाकूड आतून फाडतं. जिथे स्क्रू लागलाच तिथे पितळी. मला चकचकीत पॉलिश हवं होतं, तेही त्यांनी मोडून काढलं. चपडा लाखेचं पॉलिश ओलसर हवेत पांढुरकं पडतं. त्यांनी अळशीचं तेल फडक्याने चोळलं, पुसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चोळलं. खुर्चीच्या हाताच्या टोकाला आजोबांचा तळवा घासून जो गुळगुळीतपणा आला होता, तिथे पॉलिश पेपर लावायचा नाही, हे मात्र मी सांगितलं. ते हसले नाहीत, मान हलवून पुढे गेले.

वेत विणायचं काम सर्वांत सावकाशीचं. चौकटीला अर्ध्या इंचावर भोकं असतात. वेताच्या सालीच्या पट्ट्या अर्धा तास पाण्यात ठेवायच्या, मऊ झाल्या की विणायला घ्यायच्या. आधी दोन थर उभे, दोन आडवे, मग दोन तिरपे, एकमेकांच्या खालून-वरून. तिरप्या पट्ट्या ओवल्या की अष्टकोनी जाळी अचानक दिसायला लागते. विणताना जाळी किंचित ढिली वाटते, पण सुकली की आकसून ढोलकीसारखी ताणली जाते. एका बैठकीला दोन दिवस गेले. मेस्त्रीकाकांच्या सुनेने एक थर मला घालू दिला. माझ्या चार पट्ट्या तिने उसवल्या आणि पुन्हा घातल्या. शहरातल्या बंद, एसीच्या खोलीत वेत कोरडा पडून तुटतो, म्हणून अधूनमधून बैठकीच्या खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवायचं, हेही तिनेच सांगितलं.

मधल्या एका दिवशी मी कुडाळला जाऊन आले. तिथे कॉनबॅक ही बांबूवर काम करणारी संस्था आहे. सिंधुदुर्गात बांधाबांधावर लावला जातो तो माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो आणि त्याला काटे नसतात, म्हणून फर्निचरला तो फार उपयोगाचा. वेताची खुर्ची बघून आलेल्या माझ्या डोळ्यांना तिथल्या बांबूच्या कामात तोच हलकेपणा दिसला. अशा खुर्चीचा सांगाडा माणग्यात करता येईल का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

दिव्याचं काम सावंतवाडीला केलं. मोती तलावाच्या काठाने चालत, लाकडी फळांची दुकानं मागे टाकत एका इलेक्ट्रिशियनकडे गेले. गोळ्याला एक चीर नव्हती, पितळी दांडी काळवंडली होती. वायर मात्र भयानक. बाहेरून सुती वेणी, आत रबर, आणि रबर बोट लावताच तुकडे होऊन पडलं. या जुन्या दिव्यांना अर्थिंग नसते. अंग पितळेचं असेल तर तिसरी वायर ओढून ते अर्थ करायलाच हवं, यात तडजोड नको. होल्डर आपला नेहमीचा दोन पिनांचा, तो नवा बसवला. पूर्वी आत साठ वॉटचा बल्ब असायचा. आता सात-आठ वॉटचा एलईडी तेवढा उजेड देतो आणि काचही तापत नाही. फक्त बल्ब घेताना खोक्यावर २७०० केल्विन, म्हणजे पिवळसर उजेडाचा, बघून घ्यायचा. ६५०० चा पांढरा लावला तर दुधी काच दवाखान्यासारखी दिसते.

उजेड डोळ्याला बोचू नये म्हणूनच डेन्मार्कच्या पौल हेनिंगसेन या वास्तुरचनाकाराने १९५८ मध्ये पीएच ५ हा दिवा बेतला. त्यात पत्र्यांचे थर असे बसवलेत की कुठल्याही बाजूने बल्ब डोळ्यावर येत नाही. रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात वाढलेल्या माणसाला विजेचा उघडा प्रकाश बोचला, म्हणून तो आयुष्यभर त्यावर काम करत राहिला. ज्या घरात रात्री कंदिलाची वात कमी करून गोष्टी सांगितल्या जात, त्या घरातल्या कोणालाही ते समजावून सांगावं लागणार नाही.

एक खुर्ची मी ठाण्याला आणली. दुसरी ओटीवरच राहिली. आजोबांची खुर्ची बुटकी आहे, बैठक जमिनीपासून पंधरा इंचांवर. जेवणाच्या टेबलाला ती कामाची नाही, त्यासाठी अठरा इंच हवेत. मग मेस्त्रीकाका आणि मी एक दुपार वर्तमानपत्रांवर खुर्चीचा प्रत्येक भाग मांडून कडा आखल्या. पायाचा उतार, पाठीचा कल, हाताचा बाक. त्यावरून त्यांनी प्लायवूडचे फर्मे कापले. पायांचे दोन काढले, एक जुन्या उंचीचा, एक तीन इंच उंच. सगळे फर्मे त्यांच्या शेडमध्ये खिळ्याला टांगले आहेत. मी चार खुर्च्या सांगून आले.

परवा त्यांचा फोन आला.

"फणस चिरलंय. फळये सुकाक वरीस जातला. चलात मा?"

चलात, म्हटलं.