जिजीनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, शौचाच्या जागेतून अंग बाहेर येतं, हे केव्हापासून आहे?" आणि जिजी, माझी आई, लगेच म्हणाली, "मागच्या कापसापासून." मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते. जळगावहून चोपड्याला येताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली आणि माझ्या डोक्यात तेवढंच फिरत राहिलं. मागच्या कापसापासून. म्हणजे दिवाळीत होतं. उन्हाळ्यात मी राहायला आले, आम्ही दोघींनी गच्चीवर पापड घातले, तेव्हाही होतं.

मला का नाही सांगितलं?

घरी आल्यावर विचारलंच. म्हणाली, "तुले सांगून काय व्हतं? तू रडली असती." रडले असते, खरंय. म्हणून सांगायचंच नाही का? जुन्या लुगड्याच्या तुकड्याची घडी लावून ती कापूस वेचायला जात होती. तो तुकडा धुऊन गोठ्याच्या पत्र्याआड वाळत घालायची. मूळव्याध समजून कुणीतरी दिलेला लेप लावायची. अप्पांनाही पत्ता नाही. अप्पांचं जाऊ दे.

तपासताना डॉक्टरीणबाईंनी तिला जरा कुंथायला लावलं आणि मला जवळ बोलावून दाखवलं. बाहेर आलेल्या लालसर भागावर एकात एक गोल वळ्या होत्या. मूळव्याधीचे कोंब बाहेर आले की त्यांच्यामधल्या खाचा मध्यापासून कडेकडे जातात. गोल वळ्या म्हणजे गुदाशय, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, पूर्ण जाडीसकट खाली उतरलाय. इतकं स्पष्ट दिसत होतं, आणि इतके महिने कुणी पाहिलंच नव्हतं.

रात्री झोप येईना. त्यांनी कागदावर काढून दिलेलं चित्र घेऊन बसले, पुतणीच्या नर्सिंगच्या पुस्तकाशी ताडून पाहिलं. गुदाशय जेमतेम १२ ते १५ सेंटीमीटर लांब. मागे त्रिकास्थी, म्हणजे कण्याच्या खालचं तिकोनी हाड, आणि माकडहाड, बायकांत पुढे योनिमार्ग. भोवती चरबीचा थर, त्यातून रक्तवाहिन्या जातात, आणि त्या सगळ्यावर एक पातळ पापुद्रा. मागच्या बाजूला हा पापुद्रा आणि हाड यांच्यामध्ये सैल, विरळ जाळं असतं. शस्त्रक्रियेत डॉक्टर तिथूनच वाट काढतात, म्हणजे लघवीच्या पिशवीकडे जाणाऱ्या जवळच्या नसांना धक्का लागत नाही. खाली स्नायूंचा तळ. त्यातला एक पट्टा पुढे ओटीपोटाखालच्या हाडाच्या मागून निघतो, गुदाशयाच्या शेवटाला मागून वळसा घालतो आणि परत पुढे त्याच हाडाला येऊन मिळतो, अगदी गोफणीसारखा. तो पुढे ओढून धरतो म्हणून तिथे जवळजवळ काटकोन राहतो आणि मळ थांबतो. उकिडवं बसलं की पट्टा सैल होतो, कोन उघडतो. योनी आणि गुदद्वार यांच्यामध्ये तंतूंची आणि स्नायूंची एक गाठ आहे, बाळंतपणात फाटते ती तिथेच.

हाता-पायाचे स्नायू झोपेत सैल पडतात. हा पट्टा झोपेतही ताण सोडत नाही. हे वाचलं आणि कधी नव्हे ते जिजीच्या अंगाकडे एक अंग म्हणून पाहिलं. वर्षानुवर्षं कुंथणं, वाढतं वय, बाळंतपणं, सगळ्यांनी मिळून हा तळ ढिला होत जातो. ती मात्र समजत होती की कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलं त्याचं हे फळ. कुणाला सांगितलं तर अप्पा शेत बंद करतील, ही खरी भीती.

पण मला तरी सांगायचं! सासरी गेलेली लेक पाहुणीच होते, दुसरं काय. परक्या बाईला एका वाक्यात सांगितलं, आणि मी...

त्या बाईंनी विचारलं म्हणून सांगितलं. इथेच येऊन थांबते मी. आमचं फोनवर रोजचं बोलणं म्हणजे जेवली का, बीपीची गोळी घेतली का, केळीला भाव काय. पोट साफ होतं का, इथवर फार तर. त्याच्या खालचं आमच्यात कुणी कुणाला विचारत नाही. जिजीच्या आईनंही तिला विचारलं नसणार. मग तिनं ते कुठल्या तोंडानं काढायचं? रात्रभर मी तिच्यावर रुसले होते. सकाळी तिनं माझ्यापुढे कळण्याची भाकरी ठेवली, मी खाल्ली. तिला इसबगोल भिजवून दिलं, कमोडपुढे पाय ठेवायला बुटका पाट ठेवला. शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात. पोटातून दुर्बिणीनं गुदाशय वर घेऊन त्रिकास्थीला टाक्यांनी नाहीतर जाळीनं बांधतील. तिला चित्र दाखवून समजावलं. तिनं एकच विचारलं, वेचणीला जाता येईल का. या हंगामात नाही, म्हटलं. गप्प बसली.

दुपारी धाकट्या वहिनीला विचारलं. बाळ चार महिन्यांचं आहे तिचं. आधी तिला कळेचना मी काय विचारतेय. मग तिनं दार लोटलं आणि सांगितलं, खोकला आला की लघवी सुटते, बाळंतपणापासून. दादाला माहीत नाही. जिजीच्या पुढच्या तपासणीला तिलाही घेऊन जातेय. दादाला मी सांगेन.