अस्तंब्याला जायचं तर यात्रा उरकल्यावर

धनत्रयोदशीला नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्याहून अस्तंब्याच्या डोंगराकडे, अश्वत्थाम्याच्या यात्रेला, माणसांची रीघ लागते. खांद्यावर झेंडे, हातात बॅटऱ्या, ‘अश्वत्थामा महाराज की जय’चा गजर. त्या गर्दीतही मजा आहे, नाही असं नाही. पण डोंगर बघायचा असेल तर यात्रा उरकू द्या आणि मार्गशीर्षात निघा.

या खेपेला पुण्याचा आतेभाऊ सोबत होता. सह्याद्रीत मुरलेला गडी. त्याचा पहिला प्रश्न, “वर किल्ला कुठला?” किल्ला नाही, तटबंदी नाही. महाराष्ट्रातल्या सातपुड्याचं हे सर्वांत उंच शिखर, १,३२५ मीटर, एवढंच सांगितलं. “म्हणजे कळसूबाईपेक्षा कमीच की!” म्हटलं, भो, आधी चढ, मग बोल.

चढण लागली आणि त्याची बडबड थांबली. सागाची वाळकी पानं उतारावर बुटाखालून सटकतात, मुरमाड वाटेवर तर जास्तच. मध्येच सालई, मोह, चारोळी. पाड्यांवरची घरं एकमेकांना खेटून नाहीत. ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात, आपल्या टेकाडावर. वाट दाखवायला आलेला इथला पावरा आदिवासी दादा चपलेवर होता आणि आमच्यासाठी थांबून थांबून कंटाळला होता.

गवतातून जाताना मोज्यांत कुसळं घुसली. एक उपटून भावाच्या तळहातावर ठेवलं, वर पाण्याचा थेंब टाकला. पीळ पडलेली ती काळसर शेपटी आपोआप गरगर उलगडायला लागली. अशीच फिरत फिरत ती बी मातीत रुजवते. आणि मोज्यातही! पंधरा मिनिटं तो तेच करत बसला.

शेवटचा टप्पा उघड्या खडकाचा, तिथे हात टेकावेच लागतात. जखमेसाठी तेल मागत अश्वत्थामा या रानात फिरतो आणि चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी इथली श्रद्धा. वर उत्तरेला नर्मदेकडे उतरत गेलेल्या रांगांमागून रांगा, दक्षिणेला तापीकाठची सपाटी. दोन्ही नद्या पश्चिमेला वाहणाऱ्या आणि मधल्या या कण्यावर आपण. कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा तिथेच सोडून खाल्ला. पाणी मात्र खालूनच भरून न्या.

यात्रेतली वेफर्सची पाकिटं अजून फटींत अडकलेली होती. जमली तेवढी पिशवीत भरली. आतेभाऊ कुरकुरला, कारण पिशवी त्याच्या सॅकमध्ये गेली.