आमची वाटचाल : ‘एवढा एक कॉलम वाढवा की!’

आमचं ऑफिस कोथरूडला, पण पोट भोसरी एमआयडीसीवर. लहान कारखान्यांसाठी आम्ही स्टोअर आणि जॉबवर्कची (बाहेरून करून घ्यायच्या कामांची) सॉफ्टवेअर करतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला त्या सुमारास सुरुवात केली. तेव्हा प्रत्येकालाच संगणकावर जायची घाई होती, त्यामुळे कामं मिळायला त्रास झाला नाही. पैसे सुटायला झाला.

एका कारखान्याचा माल प्लेटिंगला, म्हणजे धातूचा मुलामा द्यायला, बाहेर जायचा. मालक म्हणाले, “जेवढा जातो तेवढा येतो.” म्हणून एका चलनाला (माल पाठवताना सोबत द्यायच्या कागदाला) आवकेची एकच नोंद धरून सगळं बांधलं. ट्रायलच्या वेळी स्टोअरकीपर काकांनी त्यांची वही उघडली: पाचशे नग गेले, तीनशे आले, बारा रिजेक्ट, उरलेले अजून प्लेटरकडेच.

“मग एवढा एक कॉलम वाढवा की!” मालक.

स्क्रीनवर तेवढाच दिसतो हो. आत मात्र एका चलनाला अनेक नोंदी जोडायच्या, म्हणजे डेटाच्या टेबलांची मांडणीच बदलते. मग स्टॉक, प्लेटरचं बिल, पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला का हे दाखवणारा जीएसटीचा रिपोर्ट, आधी भरलेला डेटा, सगळं पुन्हा तपासा. पहिल्याच बैठकीत हे निघालं असतं तर पेन्सिलीच्या एका रेघेत भागलं असतं. सॉफ्टवेअर हाती दिल्यावर निघालेली अडचण दुरुस्त करणं मोठ्या प्रकल्पात सुरुवातीच्या मानाने शंभरपट महाग पडू शकतं, असं सॉफ्टवेअरचे अभ्यासक बॅरी बोहम आणि व्हिक्टर बासिली यांनी २००१ मध्ये लिहिलं. लहान कामात साधारण पाचपट. आमच्यासारख्यांना पाचपटही पुरते.

आता आम्ही मालकांच्या आधी स्टोअरची वही मागतो. त्यानंतरच्या प्रत्येक बदलाचं एक पत्रक: कशाकशाला हात लागणार, किती दिवस, किती रुपये, खाली सही. (“पुणेरी पाटी लावलीत,” असंही ऐकून झालं.)

सरकारी बदल त्या मानाने परवडतात. दर आम्ही पहिल्यापासून तारखेसकट साठवतो, त्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा नवे दर भरले, जुनी बिलं जशीच्या तशी राहिली. ते काम वार्षिक करारातच बसलं. पण सगळंच असं लवचिक करायचं तर सुरुवातीचं कोटेशन फुगतं आणि ऑर्डर दुसरीकडे जाते.

पत्रकावर आकडा दिसला की बरेच बदल मालक स्वतःच “राहू द्या, दिवाळीनंतर बघू” म्हणून मागे घेतात. उरतात ते बहुतेक स्टोअरमधून आलेले, आणि त्यांचं बिल कुणी अडवत नाही.