शेळी न खाणारं झाड

निफाडचा पारा पाच-सहावर उतरल्याची बातमी आली की इकडे नाशकात आमच्या घशात खवखव सुरू होते. खवखव म्हटलं की अडुळसा. लहानपणी मखमलाबादच्या मळ्याला त्याचंच कुंपण होतं. पण ते झाड म्हणून आम्ही कधी नीट पाहिलं नाही, प्यायलो मात्र दर हिवाळ्यात. आजी पिकून पिवळी पडलेली पानं वेचायची, ज्येष्ठमधाची कांडी, चार मिरी आणि गुळाचा खडा घालून पाणी निम्म्यावर आटवायची. गूळ नावालाच. तो कडवटपणा जिभेच्या मुळाशी असा ठाण मांडून बसायचा की रात्रीची आमटीही अडुळशाचीच वाटायची. घरात कुणी पोटुशी असली तर तिच्या वाटेला मात्र हा काढा कधी गेला नाही. तिथे आजी पक्की होती.

कुंपणाला हेच झाड का, ते शेळ्यांना विचारा. बाभळीचे काटे चघळणारी शेळी याला तोंड लावत नाही. तमिळमध्ये तर नावच ‘आडुतोडा’, म्हणजे शेळी न शिवणारं. तेच पुढे लॅटिनात शिरलं आणि १७५३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं ‘जस्टिशिया अधाटोडा’ म्हणून नोंदवलं. थोडक्यात, शेळीनं नाकारलेलं आम्हाला पाजलं जात होतं.

यंदा खोकला दहा दिवस हटेना. डॉक्टरांनी बाटली दिली, लेबलवर बारीक अक्षरात ब्रोमहेक्झिन. शोधलं तर ते अडुळशातल्या व्हॅसिसिन नावाच्या द्रव्यावरूनच बेतलेलं निघालं. बांधावरचा भाचा शहरात जाऊन सुटाबुटात परतावा, तसं. वर रासबेरीचा वास!

मग मला जुनं सुचलं. आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत पार्किंगमागे अडुळसा माजलाय. पानं तोडली, मिक्सरला लावली. रस कसला, नुसता हिरवा चोथा! फडक्यात पिळपिळ पिळलं, बोटं हिरवी झाली, वाटीत चमचाभरही उतरेना. शेजारच्या वैद्यकाकू हसल्या. ‘अगं, हा कोरडा चिवट. आधी वाफवायचा, मग पिळायचा. पूर्वी पानांचा गोळा दुसऱ्या पानात गुंडाळून, वरून माती लिंपून निखाऱ्यात घालायचे. पुटपाक म्हणतात त्याला.’ वर एक जुना श्लोकही ऐकवला. अडुळसा हाताशी आहे, जगायची आशा आहे, मग खोकलेकऱ्यानं खचायचं कशाला, असा काहीसा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पानांसाठी गेले, तर झाड फुललेलं. काल दिसलंच नव्हतं. पांढरी फुलं, वरचा ओठ टोपीसारखा पुढे वाकलेला, खालच्यावर जांभळट रेघा. संस्कृतात याला ‘सिंहास्य’ म्हणतात. सिंहाचा जबडा खरा, पण जांभई देणारा. एक मधमाशी खालच्या ओठावर उतरली आणि सरळ त्या जबड्यात शिरली.

‘ताई, चोखून बघा,’ मागून वॉचमनदादा म्हणाले. ते पेठकडचे. ‘बुडाला गोड असतंय. शेळ्यांमागं होतो तवा आम्ही हेच करायचो.’

मी फूल देठातून ओढलं, चोखलं. सर्दीनं जिभेला चवच नव्हती. दुसरं तोडलं.